पाठ केलेली ओपनिंग आणि समोरून आलेली वेगळीच चाल

"मॅडम, घरी बुद्धिबळाच्या वीस-वीस चाली धडाधड म्हणतो आणि स्पर्धेत सगळं विसरतो. स्मरणशक्तीसाठी काही करता येईल का?" इंदूरच्या रामबागेतल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा अकरा वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी त्याला हरलेला डाव पटावर मांडायला सांगितला. काळ्या मोहऱ्यांसाठी त्याने सिसिलियन या ओपनिंगमधलं (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) नायडॉर्फ पाठ केलं होतं. समोरच्या मुलीने ई४ केलं, म्हणजे ई४ या घरात प्यादं आणलं; याने सी५. इथवर ठरल्याप्रमाणे. पण मग तिने घोडा न काढता सी३ केलं. याने तरीही पाठ केलेल्याच चाली खेळल्या: डी६, डी४ वरच्या प्याद्याला मारणं, घोडा, ए६. नायडॉर्फमध्ये डी४ वर पांढरा घोडा मारतो. इथे सी३ वरच्या प्याद्याने मारलं आणि तिची दोन प्यादी पटाच्या मध्यावर शेजारी-शेजारी ठाण मांडून बसली.

म्हणजे पोरगा काहीच विसरला नव्हता! प्रश्न बदलला होता, त्याने जुन्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं. शिवाय डाव संपला तेव्हा ९० मिनिटांपैकी ७० हून जास्त मिनिटं त्याच्या घड्याळात शिल्लक होती.

"सी३ बघून काय वाटलं?"

बराच वेळ तो वजिराशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "बाबा विचारतील, लाइन का सोडली."

बाबा मायाळू आहेत. रोज कामावरून थकून आले तरी त्याच्याकडून चाली म्हणून घेतात. त्यांना मी एवढंच सांगितलं, की "पुढची चाल कोणती?" ऐवजी "ही चाल कशासाठी?" विचारा, आणि हॉलबाहेर आल्या आल्या निकाल विचारू नका. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश पहिलाच डाव पांढऱ्या मोहऱ्या असताना हरला होता. लढत त्याने ७.५–६.५ अशी जिंकली. हे ऐकून बाबा जरा सैलावले.

मुलाशी ठरलं ते असं: अनोळखी चाल आली की दोन्ही हात मांड्यांखाली, आणि मनात एकच प्रश्न, 'हिने हे का केलं?'

पुढच्या स्पर्धेत तेच सी३ पुन्हा आलं. तो आठ मिनिटं बसून राहिला, मग डी५ खेळला. डाव बरोबरीत सुटला. घरी आल्यावर पट मांडून त्याने तो बाबांना अथपासून इतिपर्यंत दाखवला, आणि बाबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, असं आई फोनवर सांगत होती.