मेणबत्ती विझली म्हणून

जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या साखरपुड्यात त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याच्या गाथा) चालू असताना भगवान बुद्धांच्या मूर्तीपुढची एक मेणबत्ती विझली, मुलीची मावशी "हे काही बरं झालं नाही" म्हणाली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत कुजबूज सुरू आहे. मुलीकडचे आता 'चांगला दिवस' काढून मागतायत. आजी रडतेय. आणि तू लिहितोस, माझा विश्वास नाही, पण मनातून जातही नाही. शेवटी विचारतोस, शकुन खोटा असेल तर मेणबत्ती लावणं तरी खरं कशावरून?

हा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे, त्याकडे येतोच. आधी मेणबत्ती.

कार्यक्रमात मेणबत्ती विझण्याची कारणं मोजकी असतात. नवी मेणबत्ती ऐनवेळी पेटवली की वातीभोवती मेणाचं खोल भोक पडतं, कडेचं मेण तसंच राहतं आणि वितळलेल्या मेणात वात बुडते. वात आधीच आखूड असेल तर हे पाचदहा मिनिटांत होतं. दुसरं कारण वारा. लोक वंदनेला उभे राहतात, कुणीतरी पंखा वाढवतं, उशिरा आलेले पाहुणे दार उघडतात. दोन मेणबत्त्यांपैकी एकच विझते, कारण वाऱ्याच्या वाटेत एकच असते. जाड मेणबत्ती आदल्या दिवशी दोनेक तास जाळून ठेव, म्हणजे वरचं मेण कडेपर्यंत वितळून सपाट होईल. गार झाल्यावर वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून काप. बूड वितळलेल्या मेणाने ताटलीला चिकटव. भोवती दोन्हीकडून उघडी काच ठेव. ज्योत आणि हार यांत किमान एक फूट अंतर हवं, प्लॅस्टिकच्या फुलांचा हार असेल तर त्याहून जास्त. त्या हाराने पेट घेतला तर ती खरी भीती. मावशींनी तिकडे बघायला हवं होतं.

विझलीच तर? जवळच्याने पुन्हा लावायची. गाथा थांबवायची नाही.

आता मुख्य गोष्ट. अंगुत्तरनिकाय या पाली सुत्तसंग्रहाच्या पंचकनिपातात 'उपासकरत्न' कुणाला म्हणावं हे पाच गुणांनी सांगितलंय. श्रद्धा आणि शील यांच्यानंतर लगेच तिसरा गुण येतो : तो 'कोतूहलमंगलिक', म्हणजे शकुनांमागे धावणारा, नसतो. पुढचे शब्द पाठ कर : कम्मं पच्चेति, नो मंगलं. तो कर्मावर विसंबतो, मंगलावर नाही. इथे मंगल म्हणजे शकुन, शुभचिन्ह. ही अट भिक्खूंना नाही, उपासकाला घातलीय. घरसंसार करणाऱ्या, लग्नं ठरवणाऱ्या, तुझ्यामाझ्यासारख्या माणसाला. आपल्याकडे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या जातात आणि हा तिसरा गुण मात्र राहून जातो. म्हणून मी तो पुनःपुन्हा सांगतो.

शकुनाची भीती भगवंतांच्या काळातही हीच होती. दीघनिकाय या दुसऱ्या संग्रहाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, ज्या विद्यांवर पोट भरणं निषिद्ध ठरवलं त्यांत निमित्त, स्वप्नफळ आणि अंगलक्षण यांच्या जोडीला 'मूसिकच्छिन्न' आहे : उंदराने कुरतडलेल्या कापडावरून भविष्य सांगणं. जातकांतल्या, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथासंग्रहातल्या, मंगलजातकाची कथा त्याच भीतीची. राजगृहातल्या एका ब्राह्मणाच्या पेटीतलं वस्त्रांचं जोड उंदरांनी कुरतडलं. घरात ठेवलं तर सर्वनाश, कुणाला दिलं तर त्याचा नाश, म्हणून त्याने मुलाच्या हाती ते काठीवर लटकवून स्मशानात टाकायला पाठवलं. भगवंतांनी ते उचललं आणि वेळुवन विहारात नेलं. ब्राह्मण घाबरून मागे धावला, दुसरं वस्त्र देतो म्हणाला. कापड कापडच होतं.

लग्नाच्या मुहूर्ताबद्दल तर आणखी थेट कथा आहे, एकोणपन्नासावं नक्खत्तजातक. शहरातल्या कुटुंबाने गावातली मुलगी मागितली, दिवस ठरला, आणि त्या दिवशी त्यांनी आपल्या आजीवकाला (त्या पंथाच्या साधूला) नक्षत्र विचारलं. आधी विचारलं नाही म्हणून तो रागावला होता. म्हणाला, आजचा दिवस वाईट. ही मंडळी गेलीच नाहीत. गावात सगळी तयारी होऊन बसलेली, त्यांनी त्याच दिवशी मुलगी दुसरीकडे दिली. दुसऱ्या दिवशी भांडण. तिथली गाथा अशी : अत्थो अत्थस्स नक्खत्तं, किं करिस्सन्ति तारका. काम साधणं हेच कामाचं नक्षत्र, तारे काय करणार? सल्ला देणाऱ्याचा राग हेच कारण होतं, हे नीट बघ. निर्णय दुसऱ्याच्या हाती दिला की त्याचा लोभ, त्याचा राग, त्याची फी, सगळं तुझ्या संसारात शिरतं.

पत्रिकेवर 'दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी' असं छापून आलं की मला वाचायचं काही उरत नाही. वर भगवंतांचं आणि बाबासाहेबांचं चित्र, खाली पंचांगाची मिनिटं. हॉल आणि जेवण यांच्या हिशोबाने कुणीही पस्तीस मिनिटं काढत नाही. अशा लग्नाला मी विधीला उभा राहत नाही. लोक हट्टी म्हणतात, माणसं तोडतो म्हणतात. म्हणोत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी घेतलेल्या प्रतिज्ञांतली आठवी सांगते की कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही. भटजीला हॉलमध्ये येऊ दिलं नाही पण तारीख त्याच्याच पंचांगातून घेतली, तर प्रतिज्ञेचं काय उरलं? आणि मी आधी कित्येकदा अशा पत्रिका पाहून गप्प बसलोय, हीच माझी खंत आहे. आता गप्प बसायचं नाही, एवढाच माझा हट्ट.

अमावास्येचीही तीच गत. लोक त्या दिवशी प्रवास टाळतात, खरेदी टाळतात. बौद्ध परंपरेत अमावास्या हा पौर्णिमेसारखाच उपोसथाचा, म्हणजे व्रताचा, दिवस आहे, अष्टशील घेण्याचा. ज्या दिवसाला शेजारी घाबरतो तो आपल्याकडे साधनेचा दिवस.

आता तुझा शेवटचा प्रश्न. वंदना खरी कशावरून?

ज्या गाथेने फूल वाहतोस ती अर्थासह म्हणून बघ. 'वण्णगंधगुणोपेतं' म्हणून झाल्यावर येतं : पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं. हे फूल जसं कोमेजतं तसा माझा देह नाशाकडे जातो. म्हणजे फूल वाहतानाच तू म्हणून ठेवलंयस की ते कोमेजणार. मग संध्याकाळी कोमेजलं तर अपशकुन कसला? दीपाच्या गाथेत भगवंतांना तिन्ही लोकांचा दीप, अंधार दूर करणारे असं म्हणतोस. त्यात काही मागत नाहीस. आपल्या पूजेत नवस नाही आणि कौल नाही. मूर्तीकडून उत्तर यायचं नसतं, म्हणून मेणबत्ती विझणं हे उत्तर होऊच शकत नाही. शकुन बघणारा वस्तूकडे बघतो, वंदना करणारा स्वतःच्या चित्ताकडे. दोन्हींत मेणबत्ती आहे म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

भगवंतांच्या अखेरच्या दिवसांच्या महापरिनिब्बानसुत्तात यापेक्षा मोठा प्रसंग आहे. कुशिनाऱ्यात जोडशालवृक्ष अवेळी फुलले, फुलं भगवंतांच्या अंगावर पडत होती. याहून शुभ शकुन कुठला? पण भगवंत आपला शिष्य आनंद याला म्हणाले की तथागताची पूजा अशाने होत नाही. जो धम्मानुसार वागतो तोच खरी पूजा करतो. फुलांचा शुभ शकुनही त्यांनी आचरणाकडे वळवला. तू विझलेल्या मेणबत्तीत अडकलायस.

रागावलो. राहू दे.

आजीशी मात्र असं बोलू नकोस. ती मंगल हा शब्द आयुष्यभर ऐकत आलीय, तिला महामंगलसुत्तच मराठीत वाचून दाखव. देव आणि माणसं मंगल म्हणजे काय याचा विचार करून थकले, म्हणून जेतवनात प्रश्न विचारला गेला. उत्तराच्या दहा गाथांत अडतीस मंगलं येतात. मूर्खांची संगत न करणं, आईवडिलांची सेवा, बायकोमुलांचा सांभाळ, धंद्यात गोंधळ नसणं, दारूपासून संयम. त्यांत एकही तारीख नाही, एकही वस्तू नाही. शेवटच्या गाथांत लोकधर्मांनी स्पर्श केला तरी न हलणारं चित्त येतं. लोकधर्म म्हणजे लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-स्तुती, सुख-दुःख. मावशीचं वाक्य निंदेच्या खात्यात टाक.

आमच्या पिढीने देव्हारे रिकामे केले, ते बरोबर केलं. तिथे मूर्ती ठेवली, तेही बरोबर. पण गाथा पालीत पाठ करून घेतल्या आणि अर्थ सांगायला वेळ काढला नाही. विधी वीस मिनिटांत उरकायची घाई मीही केलीय. अर्थाची जागा रिकामी राहिली की तिथे जुनाच शकुन नवे कपडे घालून बसतो. परित्राणाचा (रक्षणासाठीच्या सुत्तपाठाचा) पांढरा दोरा गंड्यासारखा बांधला जातो आणि तुटला की घरात रडारड. शोकेसमध्ये ढेरपोट्या 'लाफिंग बुद्धा' येतो, जो चीनमधला बुदाई नावाचा भिक्खू आहे, गौतम बुद्ध नव्हे. माणूस गेल्यावरच्या जलदानविधीला पुण्यानुमोदन होतं आणि मागच्या दाराने कावळ्यासाठी पानही ठेवलं जातं.

मग आजीशी किती ताणायचं? भिक्खूंच्या नियमांच्या चुल्लवग्ग या ग्रंथात याचं माप आहे. भगवंत उपदेश करताना शिंकले, भिक्खूंनी 'जीवतु' (जगोत) असा एवढा गलका केला की उपदेश थांबला. त्यांनी विचारलं, असं म्हटल्याने कुणी जगतो किंवा मरतो का? नाही, म्हणाले. मग असं म्हणू नका. पुढे भिक्खू शिंकले की गृहस्थ 'जीवथ भन्ते' (भन्ते, जगा) म्हणायचे, भिक्खू गप्प राहायचे, लोकांना वाईट वाटायचं. तेव्हा भगवंतांनी 'चिरं जीव' म्हणायची परवानगी दिली, कारण गृहस्थ मंगल मानणारे असतात. मायेने म्हटलेल्या शब्दाला मायेने उत्तर द्यावं, निर्णय मात्र त्यावर सोडू नये. आजीने तुझ्यावरून मीठमोहरी ओवाळून टाकली तर हात धरू नकोस. तारीख मात्र तिच्याकडून किंवा पंचांगाकडून घ्यायची नाही. कम्मं पच्चेति, नो मंगलं.

तर तारीख अशी काढा. दोन्ही घरांच्या सुट्ट्या, तिच्या धाकट्या भावाची परीक्षा, हॉलचं भाडं, पाऊस. चार रकाने करून दोघांनी मिळून बसा. रविवार असेल तर लांबचे पाहुणे येतील. पत्रिकेवर 'सकाळी 11 वाजता' लिहा आणि अकरालाच सुरू करा. त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा, वधूवरांच्या प्रतिज्ञा, जयमंगल अट्ठगाथा. प्रत्येक टप्प्याला दोन ओळी मराठी अर्थ. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतील, लागू दे. मुलीच्या मावशींना पुढे बोलवा आणि मेणबत्ती त्यांच्याच हातून लावून घ्या. पुष्पगाथेचा मराठी अर्थ आजीला म्हणायला सांग. आत्तापासून रोज एक ओळ दिलीस तर पंधरा दिवसांत तिला येईल.

तारीख ठरली की कळव. पत्रिका छापायच्या आधी मजकूर मला दाखव.

सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.