पुदिना कुटू नका, दाबा

(ग्लासातले प्रश्न : वाचक विचारतात)

खलबत्त्यात पुदिना कुटला, साखर घातली, वर बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि बर्फ. मिंट ज्यूलेप म्हणून जे झालं ते कडवट, काळपट हिरवं आणि घोटागणिक दातांत चोथा. काय चुकलं?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

तुम्ही चटणी छान केलीत, त्यात दारू नको होती एवढंच. पुदिन्याचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक तेलग्रंथींत असतो आणि त्या फुटायला बोटाने दाबण्याइतका जोर पुरतो. पान फाटलं की आतला हिरवा, तुरट रस सुटतो, हवा लागून काळा पडतो आणि बर्बनचा गोडवा झाकून टाकतो.

एका ग्लासाचं माप असं : बर्बन 60 मिली (आपला लार्ज पेग), साखरेचा पाक 15 मिली, पुदिन्याची 8 ते 10 कोवळी पानं, वर खोचायला दोन-तीन शेंडे आणि ग्लास शिगोशीग भरेल इतका कुटलेला बर्फ. पाक म्हणजे समान माप साखर आणि पाणी. साखर विरघळली की गॅस बंद, तार येऊ द्यायची नाही. कोरडी साखर थंड दारूत नीट विरघळत नाही, तळाशी कचकचत राहते. आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोर असतं, त्याने पेय गढूळ होतं.

पानं आणि पाक ग्लासाच्या तळाशी घ्या. लाटण्याच्या टोकाने पाच-सहा वेळा हलकेच दाबा. लाटणं फिरवायचं नाही, रगडायचं नाही. पाकाला वास लागला आणि पानं अजून अख्खी आहेत, की थांबा. मग बर्बन, मग अर्धा ग्लास बर्फ. लांब चमच्याने वीसेक सेकंद ढवळा, उरलेला बर्फ डोंगरासारखा रचा. शेंडे तळहातावर एकदा चापट मारून कडेला खोचा आणि स्ट्रॉ आखूड ठेवा, म्हणजे पिताना नाक पुदिन्यात जातं. निम्मी चव तिथूनच येते. लांब स्ट्रॉने प्यायलात तर नुसती गोड व्हिस्की लागेल.

जांभळी नाक्यावरची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. देठं छाटून बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवली की पानं परत ताठ होतात. पण नंतर फडक्यावर पूर्ण कोरडी करा.

फोटोत ग्लासावर पांढरं दव गोठलेलं दिसतं. माझ्याकडे नुसते पाण्याचे ओघळ, आणि दहा मिनिटांत पेय पांचट. बर्फ मिक्सरमधून काढला होता.
— एक वाचिका, नेरूळ

ओघळ खाडीकाठच्या दमट हवेचे, पांचटपणा मिक्सरचा. मिक्सरमध्ये बर्फाचा अर्धा चिखल होतो. ते पाणी ग्लासात पडलं की पेय ढवळण्याआधीच पातळ. बर्फ स्वच्छ सुती पंचात गुंडाळा आणि ओट्यावर ठेवून वरवंट्याने हाणा. सुटलेलं पाणी पंचा पितो, हाती राहतो तो कोरडा चुरा. बारटेंडर याच कामाला कॅनव्हासची पिशवी वापरतात. चुरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा हवा. तो डब्यात भरून पाच मिनिटं परत फ्रीझरला लावा. गोळ्याच्या गाडीवरचा बर्फ मात्र आणू नका. तो कुठल्या पाण्याचा, हे कळायला मार्ग नसतो.

आता दव. बर्फात अल्कोहोल मिसळलं की मिश्रणाचं तापमान शून्याच्या खाली उतरतं, आणि भांडं धातूचं असेल तर बाहेरची वाफ त्यावर गोठते. काच उष्णता सावकाश वाहते, म्हणून तिच्यावर फक्त थेंब येतात. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ज्यूलेपला चांदीचे पेले वापरतात. आपल्याकडे घराघरात स्टीलचे पेले आहेतच. पातळ पत्र्याचा, 300 मिलीच्या आसपासचा घ्या. फुलपात्र दिसायला गोड, पण त्यात बर्फ मावत नाही. पेला बाहेरून कोरडा पुसून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, पंख्याखाली ढवळू नका, आणि धरायचा तो काठाला किंवा बुडाला. पोटाला धरलात की पाच बोटांचे ठसे वितळलेच. जुलैच्या दमटात हे सगळं करूनही दव पाचेक मिनिटंच टिकेल.

आणखी एक : फ्रीझरमध्ये सुरमई असेल तर बर्फाच्या ट्रेला झाकण घाला. बर्फ वास ओढतो.

बर्बनच हवी का? घरी जॅक डॅनियल्स आहे, देशी व्हिस्कीही आहे.
— एक वाचक, ऐरोली

बर्बन म्हणजे अमेरिकेत केलेली, निदान 51 टक्के मका असलेली आणि आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. व्हॅनिला-कॅरॅमलचा जो वास पुदिन्याशी जुळतो तो त्या नव्या लाकडाचा. जॅक डॅनियल्स अमेरिकेतल्याच टेनेसी राज्याची, मेपलच्या कोळशातून गाळलेली, म्हणून लेबलवर बर्बन लिहीत नाहीत. इथे बेलाशक चालेल. स्वस्तातल्या बऱ्याच देशी व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असतं. ज्यूलेप होईल, पण साखर आणि पुदिनाच लागेल. धुरकट स्कॉच नको. निवड करता येत असेल तर 45 ते 50 टक्के अल्कोहोलची बाटली घ्या, कारण बर्फ वितळून पेय पातळ होणारच असतं.

लिंबू पिळलं तर?
— एक वाचक, खारघर

मग ते ज्यूलेप राहत नाही, लिंबू-पुदिन्याच्या व्हिस्की स्मॅशकडे झुकतं. तेही चांगलं. पण वर सोडा ओतून त्याला ‘व्हिस्की मोहितो’ म्हणू नका. मोहितो क्युबाचा आणि रमचा.

ज्यूलेप आणि आपला जुलाब, हा योगायोग?
— एक वाचक, कोपरी

अजिबात नाही. फारसीतलं ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत ‘जुलाब’ झालं. कडू औषध ज्यातून द्यायचं त्या गोड पाकाला हे नाव पडलं. युरोपमार्गे अमेरिकेत पोचेपर्यंत त्यात दारू आली. आपल्याकडे औषधाचा परिणामच नावाला चिकटला. पाहुण्यांना हे ग्लास रिकामे झाल्यावर सांगा.

मे महिन्यात पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत टीव्हीवर बघायला दहा जण येणार आहेत. प्रत्येकाला वेगळं कुटत बसू का?
— एक वाचिका, घोडबंदर रोड

नको. 100 ग्रॅम साखर आणि 100 मिली पाण्याचा पाक करा, साधारण 160 मिली होईल. कोमट झाला की (उकळत्यात पानं शिजतात) त्यात पुदिन्याची पन्नास पानं हलकेच दाबून अर्धा तास ठेवा, गाळा. 150 मिली पाक आणि 600 मिली बर्बन एका बाटलीत मिसळून फ्रीजमध्ये. पाहुणे आले की पेल्यात बर्फ, 75 मिली मिश्रण, ढवळा, बर्फाचा डोंगर, शेंडे. संपलं काम. बर्बनच्या 750 मिलीच्या एका बाटलीत पहिली फेरी होते, दुसरीला ती पुरणार नाही.

अडतं ते बर्फावर. माणशी 200 ग्रॅम धरले तरी दोन किलो लागतो आणि घरच्या एका ट्रेमधून जेमतेम पाव किलो निघतो. दोन दिवस आधीपासून ट्रे काढून पिशवीत साठवत जा. शर्यत आपल्याकडे रविवारी पहाटे दिसते, तेव्हा दारात बर्फवाला मिळायचा नाही. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, कागदी आणा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही लागतो, तो काढून ठेवा. जो गाडी चालवत परत जाणार आहे त्याच्यासाठी अशाच, पण वेगळ्या केलेल्या पाकाचे 20 मिली, कोऱ्या थंड चहाचे 90 मिली आणि तसाच बर्फाचा डोंगर. पेला तोच द्या.