‘अपरिमेय’ म्हणजे मोजता न येणारा का?

‘पाय’ हे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर असताना त्याला अपरिमेय संख्या का म्हणतात, आणि त्याची किंमत अनिश्चित आहे असा या शब्दाचा अर्थ घ्यावा का, असा प्रश्न आला आहे. यातल्या दुसऱ्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. वर्तुळ बांगडीएवढे असो वा विहिरीएवढे, पायची किंमत तीच राहते आणि संख्यारेषेवर तिची जागा ठरलेली आहे.

घोटाळा होतो तो एका शब्दाच्या दोन वापरांमुळे. मोजणे या अर्थाच्या ‘मा’ धातूपासून परिमाण, प्रमेय, परिमेय हे शब्द आले असून, एरवीच्या भाषेत ‘अपरिमेय सामर्थ्य’ म्हटले की आपण ‘अपरिमित’ असाच अर्थ घेतो. गणितात मात्र मोजणे म्हणजे दोन्ही राशी एकाच मापाने, काहीही शिल्लक न ठेवता मोजणे. परीघ आणि व्यास यांच्यासाठी असे सामाईक माप, ते कितीही बारीक घेतले तरी, सापडत नाही. व्यास नेमका मोजला गेला की परिघात काही अंश उरतो आणि परीघ नेमका मोजला गेला की व्यासात उरतो. म्हणून पाय हे गुणोत्तर आहे, पण दोन पूर्णांकांचे नव्हे.

हे विवेचन माझे नाही. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला आहे, म्हणजे पाय ३.१४१६ येतो, आणि त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे विशेषण लावले आहे. खरी किंमत सोडून जवळची का सांगितली, हा प्रश्न केरळचे नीलकंठ सोमयाजी यांनी आपल्या भाष्यात उपस्थित केला आणि त्याचे उत्तर वरीलप्रमाणेच दिले. अर्थात ते प्रतिपादन होते. सिद्धता गणितज्ञ लाम्बेर्ट यांनी १७६१ मध्ये, नीलकंठांनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी दिली.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ३९२७/१२५० ही किंमत ‘सूक्ष्म’ आणि २२/७ ही ‘स्थूल’ पण ‘व्यवहारयोग्य’ म्हटली आहे. ही विशेषणे आजही वापरात असायला हवी होती, असे मला वाटते. शाळेच्या उदाहरणांत कंसात ‘पाय = २२/७ घ्या’ असे असते; त्यातले ‘घ्या’ महत्त्वाचे आहे, कारण ‘पायची किंमत २२/७ आहे’ हे विधान चुकीचे ठरते. २२/७ हा ३.१४२८५७… असा आवर्ती अपूर्णांक आहे, तर पाय ३.१४१५९२… असा, आवर्तन न होता, पुढे जातो. दहा मीटर व्यासाच्या विहिरीचा परीघ २२/७ ने काढला तर तो सुमारे सव्वा सेंटिमीटर जास्त येतो. कठड्याच्या बांधकामाला एवढा फरक चालून जाईल, व्याख्येला चालणार नाही.

‘बीजातीत’ (पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे उत्तर नसलेली संख्या) हा शब्दही काही जण ‘अपरिमेय’ऐवजी वापरतात; ते टाळावे. दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे, पण ‘क्ष वर्ग बरोबर दोन’ या साध्या समीकरणाचे ते उत्तर असल्यामुळे बीजातीत नाही. पाय मात्र बीजातीतही आहे, हे गणितज्ञ लिंडेमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केले, आणि त्यामुळेच दिलेल्या वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस केवळ पट्टी व कंपास यांनी काढणे अशक्य ठरले.