कॅन्सरच्या महागड्या औषधांसाठी सरकारने वेगळा निधी ठेवला तर रुग्णांचा खरंच फायदा होतो का?

होतो, पण वाटतो तेवढा नाही. इंग्लंडने हे करून पाहिलंय. तिथे 'नाइस' ही संस्था औषधाची किंमत आणि त्यातून मिळणारं आयुष्य यांचा हिशेब मांडते. हिशेब जुळला नाही तर एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, ते औषध सहसा मिळत नाही. त्यावरून ओरड झाली आणि २०११ मध्ये 'कॅन्सर ड्रग्ज फंड' निघाला, वर्षाला २० कोटी पौंडांचा. नाइसने नाकारलेली औषधंही त्यातून मिळू लागली.

गोची अशी झाली की कंपन्यांना किंमत उतरवायची घाईच उरली नाही. पुढचं दार बंद झालं तरी मागचं उघडं होतंच. खर्च हाताबाहेर गेला, यादीला कात्री लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फंडातल्या औषधांच्या ४७ वापरांपैकी (अमुक औषध अमुक कॅन्सरवर, असा एकेक वापर) फक्त १८ मध्ये आयुष्य वाढल्याचा पुरावा सापडला, तेही साधारण तीन महिन्यांनी. (ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला तीन महिने थोडे वाटत नाहीत, हेही खरं.)

२०१६ मध्ये बदललेली पद्धत मला जास्त पटते: औषध आशादायक पण पुरावा अपुरा असेल, तर कमी केलेल्या किमतीत ठरावीक मुदतीपुरतं द्यायचं, तेवढ्यात माहिती गोळा करायची आणि मग नाइसने पुन्हा निकाल द्यायचा.