हलशीला जायचं तर मुक्काम खानापुरात करा

पुण्याहून डिसेंबरच्या शेवटी आई-वडिलांना घेऊन बेळगावकडे येताय, नदीकाठचं एखादं छोटं, जुनं, मध्ययुगीन गाव बघायचंय, गर्दी नकोय आणि जुन्या देवळांचं पट्टदकल लांब पडतं, असं तुम्ही लिहिलंय. बेळगावातून खानापूर तालुक्यातलं हलशी एका दिवसात उरकेल का, हा तुमचा प्रश्न. उरकेल, पण उरकू नका. एक रात्र खानापुरात काढा. मी याच तालुक्यातला. बेळगावहून आरामात निघून भर दुपारी देवळात पोचणारी आणि अर्ध्या तासात फोटो काढून मागे फिरणारी माणसं नेहमी बघतो आणि फार हळहळ वाटते.

आधी एक सांगून ठेवतो, हलशी थेट नदीवर नाही. नदी तुम्हाला खानापुरात भेटेल. बेळगावपासून हे अंतर २६ किलोमीटरच्या आसपास, गोव्याच्या रस्त्यावर. मलप्रभा इथे अजून लहान आहे. कणकुंबीला उगम, पुढे सौंदत्तीजवळचं धरण, मग पट्टदकलच्या देवळांच्या कडेने जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिळते. म्हणजे तुम्हाला लांब पडणाऱ्या पट्टदकलची नदी इथे दाराशीच आहे. सकाळी लवकर असोग्याला जा. खानापूरहून जवळच, नदीकाठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात इथे पाण्याचा जोर असतो आणि दगडांवर शेवाळ, वयस्कर माणसांना काठावर नेणं धोक्याचं. डिसेंबरात पाणी उतरलेलं असतं, खडक उघडे पडतात, आई-बाबांना निवांत बसता येतं. थंडी मात्र चांगलीच असते, स्वेटर-कानटोपी पिशवीत असू द्या.

तिथून न्याहारी करून हलशी. खानापूरहून साधारण १४ किलोमीटर. आज बघाल तर कौलारू घरांचं, भाताच्या शेतांमधलं साधं खेडं. पण हीच जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. इथे सापडलेल्या त्यांच्या ताम्रपटांवरून या घराण्याचा बराच इतिहास लागला. मला त्यातला रविवर्म्याचा ताम्रपट सगळ्यात आवडतो. दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला पलाशिकेत आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा आणि त्याचा खर्च पुरुखेटक गावाच्या उत्पन्नातून चालावा, अशी तरतूद त्यात आहे. दीड हजार वर्षांपूर्वी पावसाळा सरला की या गावात आठ दिवस लोक जमत, हे मनात ठेवून गल्लीतून चाला, गाव निराळं दिसायला लागतं. गावातली बसदी, म्हणजे जैन देऊळ, आता मोडकळीला आलेली आहे, तरी तिच्यापर्यंत जाच.

मुख्य देऊळ भूवराह नरसिंहाचं, बाराव्या शतकातलं. तेव्हा इथे गोव्याच्या कदंबांचं राज्य होतं, शिवचित्त पेर्माडी आणि त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य यांचं. या देवळाला समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकीकडे पृथ्वीला उचलून धरलेला भूवराह, दुसरीकडे बसलेला विष्णू. मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन देवांच्या नजरेत आपण सापडतो. तिथे आई-बाबांना खाली बसू द्या, घाई करू नका. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, खांबांवरचं काम त्यानंतरच दिसू लागतं. माझ्या मते तासभर तरी द्यायलाच हवा. सुवर्णेश्वराचं देऊळ पडझडीतलं आहे, पण भोवतीचा परिसर सुंदर. टेकडीवरचं रामेश्वर पायांना झेपत असेल तरच.

जेवणाची सोय गावात होईल असं धरून चालू नका, खानापुरातून बांधून घ्या. मराठी सगळीकडे चालतं. पुजाऱ्यांशी दोन शब्द बोला, कुलूप असलं तर किल्ली कुणाकडे आहे ते तेच सांगतात.

येता-जाता नंदगड लागतं. किल्ल्यापेक्षा तिथे संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबा. कित्तूरसाठी लढलेल्या या माणसाला इंग्रजांनी १८३१ च्या जानेवारीत इथेच फाशी दिलं. समाधीवरच्या वडाला मूल व्हावं म्हणून नवस बोलून लोक पाळणे बांधतात. २६ जानेवारीच्या सुमारास येणार असाल तर गर्दी धरून चाला.

यादीत गोकाकचा धबधबा असेल तर काढून टाका, तो उलट दिशेला आहे आणि पाऊस सरल्यावर त्यात फारसं पाणी उरत नाही. दुसरा दिवस हाताशी असेल तर कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण बघा. पेर्माडीची राणी कमलादेवी हिने बांधवलेलं, तीन गाभाऱ्यांचं. नक्षी हलशीपेक्षा कितीतरी नाजूक आहे, म्हणून हलशी आधी आणि देगाव नंतर हाच क्रम ठेवा.

गाडी तुम्हीच चालवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: हे दिवस गाळप हंगामाचे. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याच जणींना मागे दिवेही नसतात. अंधार पडायच्या आत खानापूर गाठा.