लेकराचा आयजीजी 'लो' आलाय? आधी रेंज कुणाची छापलीय ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंत: चार महिन्यांचं लेकरू, दोनदा सर्दी, आयजीजी (रक्तातली रोगाशी लढणारी मुख्य अँटिबॉडी) 340 आणि पुढं लाल अक्षरात 'लो'. असाच कागद आम्हीही हातात धरला होता. त्या लॅबचं नाव घेत नाही, पण मोठ्या माणसाची रेंज (700 ते 1600) तान्ह्याच्या रिपोर्टावर छापून मोकळे! विचारलं तर म्हणे, सॉफ्टवेअरमध्ये तेवढीच आहे. या वयाला साधारण 200 ते 550 चालतं. वयानुसार रेंज मागून घ्या, हक्कानं.

आईचा आयजीजी वारेतून येतो, तोही बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत निम्मा होतो, लेकराचा स्वतःचा हळूहळू बनतो, म्हणून तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आकडा तळाला जातो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्याचा आणखी खाली. आयजीए (दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी) तर वारेतून येतच नाही. चिकातून, दुधातून मिळतो तो आतड्यात काम करतो, रक्ताच्या रिपोर्टात दिसणार नाही.

माझ्या मते आयजीजीपेक्षा साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) जास्त सांगतो, कारण या वयातला आयजीजी बराचसा आईचाच उरलेला असतो. त्यात लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती ते काढा: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटचे टक्के, भागिले 100. म्हणजे 9000 आणि 62 टक्के असतील तर 5580, उत्तम. (ते 62 सुद्धा 'हाय' म्हणून छापतील, तान्ह्यांत तेवढे असतातच.) हा आकडा 3000 च्या खाली आला, वजन वाढत नसेल, तोंडातला पांढरा थर औषधानं जात नसेल, घरात आधी तान्हं लेकरू दगावलं असेल किंवा मामा-भाचीचं, आते-मामे भावंडांचं लग्न असेल, तर थांबू नका, पोलिओ-रोटाचे थेंब देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द त्यांचाच.

'इम्युनिटी बूस्टर' थेंबांनी अँटिबॉडी वाढत नाहीत, पैसे वाचवा. घुटी मधात उगाळून तर अजिबात नको, वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम (जिवाणूच्या विषानं अंग लुळं पडण्याचा आजार) होऊ शकतो. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, अंगावर जास्त वेळा घ्या.

साध्या सर्दीमुळं 14 आठवड्यांची लस पुढं ढकलली असेल तर आशाताईंना सांगून येत्या सत्रातच घ्या. राहिलेला डोस तिथूनच पुढं चालू होतो, पहिल्यापासून नाही. लवकर जन्मलेल्यालाही तारीख जन्मापासूनच मोजायची.