न्यायाविषयी उपदेश करणं खरंच गरजेचं आहे का, आणि करायचा तर कसा?

तुम्ही विचारलं आहे की मंडळीत तुमच्याकडे नुकतीच संदेश देण्याची जबाबदारी आली आहे, आणि जुनी मंडळी सांगतात, 'न्याय, नरक असले विषय नको, लोक दुरावतात. देवाच्या प्रेमावर बोला.' मग देव प्रेम आहे तर न्यायाबद्दल बोलायचं कशाला, असा तुमचा प्रश्न आहे.

बोलणं गरजेचं आहे. जुन्या लोकांची धास्तीही अगदीच बिनबुडाची नाही, कारण हा विषय फार वाईट पद्धतीने मांडलेला पुष्कळांनी ऐकलेला असतो. पण तेवढ्यासाठी विषयच सोडला तर सुवार्तेतला एक मोठा भाग गळतो आणि उरलेला भागही ऐकणाऱ्याला धड समजत नाही.

आधी हे बघा की प्रेषितांनी न्यायाला कुठे ठेवलं होतं. रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी पेत्र सांगतो की येशू हा जिवंतांचा व मेलेल्यांचा न्यायाधीश आहे, अशी साक्ष देण्याची आज्ञाच आम्हाला झाली आहे (प्रेषितांची कृत्ये १०:४२). अथेन्समध्ये पौलासमोरच्या लोकांना ना मोशे माहीत होता ना संदेष्टे. तिथेही तो न्यायाचा ठरलेला दिवस सांगितल्याशिवाय थांबत नाही, आणि येशूचं पुनरुत्थान हेच त्या दिवसाचं प्रमाण म्हणून पुढे करतो (१७:३१). रोमकरांस पत्रात (२:१६) देव मनुष्यांच्या गुप्त गोष्टींचा न्याय करील हे तो 'माझ्या सुवार्तेप्रमाणे' म्हणून सांगतो. इब्री लोकांस पत्रात (६:१-२) विश्वासाच्या पायाभूत गोष्टी सहा मोजल्या आहेत आणि सहावी सार्वकालिक न्यायाची. प्रेषितांचा विश्वासांगीकार असो की ३८१ सालच्या स्वरूपातला नायसीन, दोन्हींत ख्रिस्त न्याय करायला येणार हे वाक्य आहे. मंडळी उभी राहून जे कबूल करते त्यावर वर्षानुवर्षं एकही संदेश नसेल, तर लोकांनी त्या वाक्याचा काय अर्थ लावायचा?

'न्याय करणारा देव जुन्या करारातला आणि प्रेम करणारा नव्यातला' ही कल्पना आजची नाही. दुसऱ्या शतकात मार्किओन नावाच्या शिक्षकाने हेच शिकवलं होतं, आणि सुमारे १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. तेर्तुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाने त्याच्यावर घेतलेला आक्षेप आजही लागू पडतो: जो देव आज्ञा देतो पण ती मोडणाऱ्याचं काहीच करत नाही, त्याने आज्ञा दिली काय आणि न दिली काय. शिवाय नरकाविषयीचे सगळ्यात कडक शब्द शुभवर्तमानांत खुद्द येशूच्याच तोंडी आहेत.

वधस्तंभाचंही तसंच. रोमकरांस पत्र ३:२५-२६ वाचा. देवाने पापाकडे डोळेझाक केली नाही आणि पाप्यालाही टाकून दिलं नाही, हे दोन्ही एकाच ठिकाणी कसं घडलं ते तिथे सांगितलं आहे. न्याय वगळून वधस्तंभ सांगितला तर ऐकणाऱ्याला एका चांगल्या माणसाच्या हालांबद्दल हळहळ वाटते, पण ते आपल्यासाठी का घडलं हे उमगत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्यांची. आपण समजतो की न्यायाचा विषय टाळला की श्रोत्यांवर दया होते. प्रत्यक्षात ती दया बहुतेक वेळा बळकट माणसावर होते. स्तोत्र ९६ मध्ये समुद्र, शेत, रानातली झाडं आनंदाने गर्जतात, आणि कारण काय, तर परमेश्वर न्याय करायला येत आहे. ही ज्यांना इथे कोणी दाद दिली नाही त्यांची आशा आहे. प्रकटीकरण ६:१० मधले हुतात्मे 'कुठवर?' असं विचारतात, आणि देव त्यांना गप्प बसवत नाही. घरात मार खाणारी बाई किंवा लहानपणी अत्याचार झालेला मुलगा तुमच्या समोरच्या बाकावर बसलेला असू शकतो. त्याला फक्त 'क्षमा कर, विसरून जा' एवढंच ऐकवलं तर आपण देवाच्या नावाने त्याचं तोंड बंद करतो. रोमकरांस पत्र १२:१९ सूड घेऊ नका म्हणतं ते देव स्वतः परतफेड करणार आहे या आधारावर. तो आधार काढून घेतला की उरतो नुसता दबाव. हेही स्पष्ट सांगा की पोलिसांत तक्रार करणं क्षमेच्या विरुद्ध नाही. पुढच्याच अध्यायात अधिकाऱ्यांचं कामच दुष्कर्म करणाऱ्याला शासन करणं असं दिलं आहे.

आता उपदेश कसा करायचा. यासाठी प्रेषितांची कृत्ये २४:२४-२७ शांतपणे वाचा. फेलिक्स हा रोमी सुभेदार, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको द्रुसिल्ला. तिने पहिल्या नवऱ्याला, एमेसाच्या राजाला, सोडून फेलिक्सशी लग्न केलं होतं असं इतिहासकार योसेफस लिहितो. पौल कैदी आहे, सुटका फेलिक्सच्या हातात आहे, आणि लाच मिळेल या आशेने फेलिक्स त्याला वारंवार बोलावतो. अशा माणसापुढे पौल तीन विषय काढतो: नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय. लाचखाऊ न्यायाधीशापुढे नीतिमत्त्व, या जोडप्यापुढे संयम, आणि दुसऱ्यांचे निकाल लावणाऱ्यापुढे त्याचा स्वतःचा निकाल. त्याने आवाज चढवला असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी फेलिक्स भयभीत झाला. तो का घाबरला? कारण बोलणं नेमकं त्याच्याविषयी होतं. आणि पुढे लक्षात घ्या: घाबरूनही तो 'सवड झाली की बोलावीन' म्हणाला आणि दोन वर्षं पौलाला कैदेतच ठेवलं. भीती वाटणं म्हणजे पश्चात्ताप होणं नव्हे. संदेशाच्या शेवटी किती लोक रडले यावरून संदेश कसा झाला ते ठरवू नका.

तयारी करताना उताऱ्यातला न्याय कोणता ते आधी ठरवा. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत बरेचदा एखाद्या राष्ट्रावर इतिहासातच येणारा न्याय असतो. प्रकटीकरण २०:११-१५ मध्ये शेवटचा न्याय आहे, जिथे पुस्तकं उघडली जातात. २ करिंथकरांस ५:१० आणि १ करिंथकरांस ३:१२-१५ मध्ये विश्वासणाऱ्याच्या कामाची पारख आहे. तिथे लाकूड, गवत, पेंढा जळून जातो, पण माणूस स्वतः तारला जातो. या तिन्हींची खिचडी केली की एक तर विश्वासणारा दर आठवड्याला आपलं तारण गेलं असं समजून घाबरतो, नाहीतर बेफिकीर माणूस आपलं फक्त बक्षीस कमी होईल म्हणून निश्चिंत राहतो.

मग उतारा कोणाला उद्देशून आहे ते बघा. आमोसच्या पहिल्या दोन अध्यायांत दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशा सहा शेजाऱ्यांवर न्याय सांगितला आहे. इस्राएलचे लोक तोवर खुशीत माना डोलवत असणार. सातवा येतो यहूदा, आणि आठवा इस्राएल स्वतः. त्याच्यावरचा आरोप सर्वांत लांबलचक आहे. पुष्कळ संदेश सहाव्या राष्ट्रापाशीच संपतात. बाहेरचं जग, आजची पिढी, दुसऱ्या धर्माचे लोक यांच्यावर ताशेरे ओढले, सगळे 'आमेन' म्हणाले आणि घरी गेले. १ पेत्र ४:१७ प्रमाणे न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो. म्हणून पैशाचा हिशोब, घरातली वागणूक, मंडळीतली गटबाजी इथून सुरुवात करा, आणि 'तुम्ही' ऐवजी 'आपण' म्हणा. याकोब ३:१ प्रमाणे शिकवणाऱ्यांना अधिक कडक न्याय आहे, हे निदान एकदा मोठ्याने बोलून दाखवा.

वेळेचा अंदाज हवा असेल तर ३० मिनिटांच्या संदेशात १० ते १२ मिनिटं उताऱ्याला द्या, ५-६ मिनिटं तो आपल्या जगण्याला कुठे लागतो त्याला, आणि निदान १० मिनिटं ख्रिस्ताला आणि पश्चात्तापाच्या बोलावण्याला. हे शेवटचं कधीही पुढच्या रविवारवर ढकलू नका. पुढच्या रविवारी तोच माणूस येईल याची काय खात्री? बोलावणंही नेमकं असू द्या. लूक ३:१०-१४ मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, 'आम्ही काय करावं?' त्याची उत्तरं अगदी हाताला लागतील अशी आहेत: दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कोणाला छळून पैसे उकळू नयेत आणि पगारात समाधान मानावं. त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. संदेश संपल्यावर लगेच गाणं सुरू न करता दोन-तीन मिनिटं शांतता ठेवा, आणि ज्यांना बोलायचं आहे त्यांच्यासाठी दोन समजूतदार माणसं थांबवून ठेवा. त्याच दमात दानाचं आवाहन मात्र नको. भीती दाखवून पैसे मागितल्यासारखं होतं, आणि ते तसंच असतं.

चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त वर्णनात. शास्त्राने जेवढं चित्र दिलं आहे तेवढंच द्या. स्वतःच्या कल्पनेने यातनांचे तपशील रंगवले की श्रोत्याचं लक्ष देवावरून उडून तपशिलांवर जातं. शुभवर्तमानांत नरकासाठी येणारा 'गेहेन्ना' हा शब्द यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून आला आहे. गेहेन्ना म्हणजे यरुशलेमबाहेरचा सतत जळणारा उकिरडा, ही माहिती व्यासपीठांवरून सर्रास दिली जाते. त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख सुमारे १२०० सालच्या आसपासचा, रब्बी दाविद किमखी यांचा आहे; येशूच्या काळातला पुरावा नाही. यिर्मया ७:३१-३२ मध्ये मात्र त्याच खोऱ्यात मुलांना अग्नीत अर्पण केल्याचं लिहिलं आहे, आणि ते उदाहरण जास्त भेदक आहे. तारखा सांगू नका. २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्त परत येण्याची वाट पाहिली, आणि त्यानंतर अनेकांचा विश्वास खचला. कुणा मृत व्यक्तीचं नाव घेऊन तो कुठे गेला हे तर कधीच सांगू नका, अंत्यविधीत तर नाहीच. शिक्षेच्या स्वरूपाविषयी ख्रिस्ती परंपरांत मतभेद आहेत. कॅथलिक शिकवणीत मरणानंतरचा व्यक्तिगत न्याय, शुद्धिस्थान (स्वर्गात जाण्याआधी आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था) आणि शेवटचा सार्वत्रिक न्याय असा क्रम आहे. प्रोटेस्टंटांत बहुतेक जण अनंत शिक्षा मानतात, तर काही जण दुष्टांचा शेवटी नाश होतो असं मानतात. तुमची मंडळी जे मानते ते सांगा, पण वचनातलं वाक्य कोणतं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कोणता हे वेगळं ठेवा.

लहान मुलं बसलेली असतील तर शब्द जपून वापरा. त्यांना देव खोटं आणि दुष्टपणा कायमचा संपवणार हे कळतं आणि ते पुरेसं आहे. आणखी एक गट असतो ज्याकडे लक्ष जात नाही. काही माणसं दर संदेशानंतर 'माझं तारण झालं आहे ना?' असं विचारत येतात, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करतात, रात्र रात्र झोपत नाहीत. त्यांना आणखी इशारा देऊ नका. योहान ५:२४ त्यांच्याबरोबर सावकाश वाचा: विश्वास ठेवणाऱ्याला न्यायाला सामोरं जावं लागत नाही, तो मरणातून जीवनात पार गेला आहे. चिंता तरीही थांबत नसेल तर डॉक्टरकडे पाठवा, त्यात अविश्वास काही नाही.

सूर कसा असावा याचा मापदंड लूक १९:४१-४४ मध्ये आहे. यरुशलेमेचा नाश येशूने रडत सांगितला. यहेज्केल ३३ मध्ये पहारेकऱ्याने कर्णा फुंकला नाही तर लोकांच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागतो, पण त्याच अध्यायात, ११ व्या वचनात, दुष्टाच्या मरणाने मला आनंद होत नाही असं देव शपथेवर म्हणतो. ज्या आठवड्यात तुम्ही कोणावर तरी चिडलेले असाल त्या आठवड्यात हा विषय घेऊ नका. राग देवाच्या नावावर खपवला जातो, आणि लोकांना ते लगेच कळतं.

किती वेळा? एकेक पुस्तक क्रमाने घेत असाल तर विषय आपोआप येतो. दर रविवारचे उतारे आधीच ठरवून दिलेला वाचनक्रम पाळणाऱ्या मंडळ्यांत आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार ख्रिस्ताच्या पुनरागमनावरच असतो, तो चुकवू नका. विषयवार बोलत असाल तर वर्षातून चार-पाच संदेश पुरेत.

पहिल्या संदेशासाठी मी लूक १३:१-९ सुचवेन. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, आणि लोकांना वाटत होतं की ती जास्त पापी असावीत. येशू ते साफ नाकारतो. म्हणजे कुठलीही आपत्ती आली की 'त्यांच्या पापाची शिक्षा' म्हणायची सवय तिथेच मोडते. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळून पश्चात्ताप करा म्हणतो, आणि लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला येतो: तीन वर्षं फळ नाही, तरी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालीन म्हणतो. इशारा, हाक आणि मुदत, तिन्ही नऊ वचनांत आहेत. पहिल्या पाच वचनांवर अर्धा वेळ द्या, उरलेला झाडावर. आणि मुदत एका वर्षाचीच होती हे सांगायला विसरू नका.